दोन ॲरे ‘सारखे’ कधी म्हणायचे? युनिट टेस्ट लिहायला बसलेल्या नवख्यांसाठी

“ताई, दोन्हीकडे तेच तीन आकडे आहेत, मग टेस्ट लाल कशी?”

हिंजवडीत नव्यानं रुजू झालेली मुलंमुली पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हा प्रश्न हमखास घेऊन येतात. (लाल म्हणजे टेस्ट पडली, हिरवी म्हणजे पास.) कोणी साताऱ्याहून आलेलं असतं, कोणी नांदेडहून. डेटा स्ट्रक्चर पाठ असतात, मुलाखतीत लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवलेली असते, पण टेस्ट लिहायची सवय कोणी लावलेली नसते. मग दोन ॲरेंची तुलना करताना पहिली ठेच लागते. ती ठेच लागते त्याच जागी शिकण्यासारखं खूप आहे, म्हणून हा विषय मी सावकाश समजावते.

उदाहरणं जावा आणि जेयुनिट 5 या जावातल्या टेस्ट लिहायच्या साधनाची आहेत, शेवटाकडे इतर भाषांकडेही एक फेरी मारू. कोडातली इंग्रजी नावं मी इथे देवनागरीत, जोडून लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनंच लिहा.

पायरी 1 : लाल ओळ नीट वाचा

समजा तुमच्या फंक्शननं तीन डब्यांतल्या प्रवाशांची संख्या परत द्यायची आहे: 40, 25, 10. तुम्ही ‘अपेक्षित’ नावाचा इंट ॲरे केला, त्यात हेच आकडे भरले आणि लिहिलं:

असर्टइक्वल्स(अपेक्षित, मिळालेले)

टेस्ट लाल. खालच्या ओळीचा अर्थ साधारण असा: अपेक्षित होतं [आय@1बी6डी3586<[40, 25, 10]>, मिळालं [आय@4554617सी<[40, 25, 10]>. बहुतेक जण ही ओळ पाहून घाबरतात आणि टर्मिनल वर सरकवतात. तसं करू नका, कारण उत्तर याच ओळीत आहे. सुरुवातीचा चौकटी कंस म्हणजे ‘हा ॲरे आहे’. आय म्हणजे इंटचा. @ च्या पुढचा हेक्साडेसिमल आकडा हा त्या ऑब्जेक्टचा हॅशकोड. तुमचे 40, 25, 10 दोन्हीकडे तेच छापलेत, वेगळे आहेत ते फक्त @ च्या पुढचे आकडे. म्हणजे तुलना 40, 25, 10 या आकड्यांची झालीच नाही.

मग कशाची झाली? कोथरूडच्या एका मेसमधून दोन डबे निघाले असं धरा. दोन्हींत तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी. एक डबा कर्वेनगरला गेला, दुसरा वारज्याला. “दोन्हींत जेवण सारखंच आहे का?” तर हो. “हा तोच डबा आहे का?” तर नाही. जावातला ॲरे इक्वल्स या मेथडला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. स्ट्रिंग आणि ॲरेलिस्ट यांनी स्वतःची इक्वल्स मेथड लिहून घेतली आहे, म्हणून ते आतला ऐवज तपासतात. साध्या ॲरेनं ती लिहिलेली नाही. त्याला ऑब्जेक्ट या मूळ क्लासकडून आलेलीच मेथड लागू होते, आणि ती फक्त ‘तोच आहे का’ एवढंच पाहते. दोन बरोबर-चिन्हंही ॲरेच्या बाबतीत हेच पाहतात.

उपाय एका शब्दाचा आहे: असर्टॲरेइक्वल्स(अपेक्षित, मिळालेले). हा आधी दोन्हींची लांबी पाहतो, मग एकेक घटक पाहतो, आणि फरक सापडला तर कितव्या जागी सापडला ते सांगतो. जागा 0 पासून मोजलेली असते, हे लक्षात असू द्या.

इथे जुन्या प्रकल्पांत गोंधळ उडवणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. जेयुनिट 4 मध्ये ऑब्जेक्टच्या ॲरेसाठी असर्टइक्वल्सचं एक वेगळं रूप होतं. ते ‘वापरू नका’ असा शिक्का मारून ठेवलेलं होतं, पण चालायचं, आणि आतून असर्टॲरेइक्वल्सलाच बोलवायचं. त्यामुळे स्ट्रिंगच्या ॲरेवर असर्टइक्वल्स हिरवा आणि इंटच्या ॲरेवर लाल, असं चित्र दिसायचं. जेयुनिट 5 मध्ये ते रूप नाही. एखादा प्रकल्प 4 वरून 5 वर नेताना काल हिरव्या असलेल्या टेस्ट आज लाल झाल्या, तर आधी हे तपासा. कोड बिघडलेला नसतो.

पायरी 2 : अपेक्षित आधी, मिळालेलं नंतर

जेयुनिटमध्ये पहिली जागा अपेक्षिताची, दुसरी मिळालेल्याची. उलटं लिहिलं तरी टेस्ट हिरवी-लाल व्हायची तशीच होते. पण लाल झाल्यावरचा संदेश खोटं बोलतो, आणि तुम्ही अर्धा तास चुकीच्या टोकानं शोधत बसता. टेस्टएनजी या जावाच्याच दुसऱ्या साधनात हा क्रम नेमका उलटा आहे, तिथे मिळालेलं आधी येतं. जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये मिळालेलं एक्स्पेक्टच्या कंसात आणि अपेक्षित त्यापुढच्या मॅचरच्या, म्हणजे तुलना करणाऱ्या मेथडच्या, कंसात. नव्या टीममध्ये गेलात की पहिल्याच दिवशी हे बघून घ्या.

पायरी 3 : ‘असर्टट्रू’चा मोह टाळा

इंटरनेटवर शोधलं की एक उत्तर लगेच सापडतं: असर्टट्रू(ॲरेज.इक्वल्स(अपेक्षित, मिळालेले)). तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण टेस्ट पडली की ती एवढंच म्हणेल: ट्रू हवं होतं, फॉल्स मिळालं. कितव्या जागी चुकलं, किती घटक कमी आले, काहीच कळत नाही. रात्री साडेदहाला सर्व्हरवर बिल्ड तुटतो आणि ज्याला तो बघायचा असतो त्याच्या हाती फक्त ‘फॉल्स’ हा शब्द असतो. टेस्ट लिहिताना त्या माणसाचा विचार करा. बऱ्याचदा तो माणूस तुम्हीच असता, सहा महिन्यांनंतरचे.

पायरी 4 : क्रमाला अर्थ आहे का, हे ठरवा

या पायरीवर थोडं थांबायला हवं. इथे कोडाआधी व्यवहार समजून घ्यावा लागतो.

मानाचे पाच गणपती घ्या: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. विसर्जन मिरवणुकीचा क्रम दाखवणारं फंक्शन तुम्ही लिहिलं आणि त्यानं तुळशीबाग तिसरा, गुरुजी तालीम चौथा असा ॲरे परत दिला. नावं पाचही बरोबर, एकही जास्त-कमी नाही. पण हे उत्तर चूक आहे, आणि पुण्यातल्या कुठल्याही माणसाला ते सांगावं लागणार नाही. इथे क्रम हीच माहिती आहे. असर्टॲरेइक्वल्स क्रम पाहतो, म्हणून इथे तोच योग्य.

आता मंडईतली खरेदी घ्या. पिशवीत कोथिंबीर, मेथी, कोथिंबीर. म्हणजे कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि मेथीची एक. कुठली जुडी आधी पिशवीत गेली याला काही अर्थ नाही. इथे असर्टॲरेइक्वल्स लावलात, तर उद्या कोणी आतली रचना बदलली की बरोबर उत्तर असूनही टेस्ट पडेल. अशा टेस्ट दोन-तीनदा उगाच पडल्या की टीम त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला लागते, आणि मग खरी चूकही त्या दुर्लक्षातच निघून जाते.

क्रम नको म्हटल्यावर नवख्यांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो सेटचा: दोन्ही ॲरे सेटमध्ये टाकू आणि सेट ताडून पाहू. इथे दुसरी जुडी हरवते. सेटमध्ये कोथिंबीर एकदाच राहते, त्यामुळे ‘कोथिंबीर, मेथी, कोथिंबीर’ आणि ‘कोथिंबीर, मेथी, मेथी’ हे दोन्ही सारखे ठरतात. बिल चुकेल आणि टेस्ट हिरवीच राहील. तुम्हाला हवं असतं ते ‘क्रम कसाही चालेल, पण प्रत्येक वस्तू तितक्याच वेळा हवी’. असर्टजे या लायब्ररीत यासाठी कंटेन्सएक्झॅक्टलीइनएनीऑर्डर आहे, आणि पडली तर काय सापडलं नाही आणि काय आगंतुक आलं हे ती दोन वेगळ्या याद्यांत सांगते. पायथनच्या युनिटटेस्टमध्ये 3.2 आवृत्तीपासून असर्टकाउंटइक्वल आहे. नावावरून वाटतं की ते नुसती संख्या मोजतं, पण ते खरंच घटक ताडून पाहतं.

लायब्ररी नको असेल तर दोन्हींच्या प्रती काढा, दोन्ही सॉर्ट करा आणि मग ताडा. प्रती काढा, असं मी मुद्दाम म्हणते आहे. त्याचं कारण पायरी 8 मध्ये येईल. जावास्क्रिप्टमध्ये हे करताना आणखी एक काळजी: तिथला सॉर्ट, काही सांगितलं नाही तर, आकड्यांनाही अक्षरांसारखं लावतो. 10, 9, 1 चं 1, 10, 9 होतं. दोन्ही बाजू तशाच लागल्या तर टेस्टचं बिघडत नाही, पण एका बाजूचा ॲरे हातानं लावून लिहिला असेल तर बिघडतं.

क्रमाबद्दल शेवटचं. ‘कधी हिरवी, कधी लाल’ अशी टेस्ट दिसली तर पहिला संशय क्रमावर घ्या. डेटाबेसला ऑर्डर बाय न सांगता विचारलं तर ओळी कुठल्या क्रमानं येतील याची हमी नसते. हॅशमॅप आणि हॅशसेटही क्रमाची हमी देत नाहीत. जावा 9 (2017) पासून आलेल्या सेट.ऑफनं बनवलेल्या सेटमध्ये तर फिरण्याचा क्रम प्रोग्राम दर वेळी नव्यानं सुरू केला की बदलू शकतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, कोणी त्या क्रमावर विसंबू नये म्हणून. तुमच्या लॅपटॉपवर सलग वीस वेळा हिरवी दिसली, म्हणून सर्व्हरवरही हिरवी राहील असं नाही.

पायरी 5 : दशांश असतील तर किती फरक चालेल ते सांगा

0.1 आणि 0.2 यांची बेरीज संगणकात 0.30000000000000004 येते. ही जावाची चूक नाही. 1985 साली ठरलेल्या आयईईई 754 या मानकाप्रमाणे दशांश दोनाच्या पायात साठवले जातात आणि तिथे 0.1 नेमका बसतच नाही. म्हणून डबलच्या ॲरेसाठी तिसरा आकडा द्यायचा असतो, डेल्टा: असर्टॲरेइक्वल्स(अपेक्षित, मिळालेले, 0.001). प्रत्येक घटकातला फरक एवढ्यात बसला तर चालेल, असा त्याचा अर्थ.

डेल्टा किती ठेवायचा हे कोडावरून ठरवू नका, वापरावरून ठरवा. अंतर किलोमीटरमध्ये आहे आणि प्रवाशाला एका दशांशापर्यंत दाखवायचं आहे, तर 0.001 म्हणजे एक मीटर, पुरेसा कडक. टेस्ट हिरवी होईपर्यंत डेल्टा वाढवत नेणारे मी पाहिले आहेत. कोड रिव्ह्यूमध्ये डेल्टा 0.5 दिसला आणि शेजारी कारण लिहिलेलं नसेल तर मी तो कमिट परत पाठवते.

पैशांसाठी डबल वापरूच नका. पैसे पूर्णांकात, म्हणजे रुपयांऐवजी पैशांत, ठेवा किंवा बिगडेसिमल घ्या. फक्त बिगडेसिमलची इक्वल्स मेथड दशांशस्थळंही पाहते. तिच्या लेखी 2.0 आणि 2.00 वेगळे. त्यांचा ॲरे ताडताना दोन्हीकडे दशांशस्थळं सारखी करून घ्या, नाहीतर किंमत तीच असूनही टेस्ट पडेल.

आणि नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ असं दाखवणारं मूल्य. साध्या तुलनेत नॅन स्वतःलाही बरोबर नसतो, पण असर्टॲरेइक्वल्स दोन नॅन सारखे धरतो. तुमच्या फंक्शननं चुकून नॅन दिला आणि अपेक्षित ॲरे तुम्ही त्याच फंक्शनच्या छापलेल्या उत्तरावरून उतरवून घेतला असेल, तर ती चूक आता टेस्टमध्ये पक्की झाली. अपेक्षित उत्तर नेहमी कागदावर, हातानं काढा.

पायरी 6 : ॲरेच्या आत ॲरे

असर्टॲरेइक्वल्स आतल्या ॲरेतही उतरतो, त्याची चिंता नाही. पण तुम्ही स्वतः ॲरेज.इक्वल्स वापरत असाल तर तो फक्त वरचा थर पाहतो. आतल्या थरासाठी ॲरेज.डीपइक्वल्स हवा. आत तुमच्या स्वतःच्या क्लासचे ऑब्जेक्ट असतील, तर त्या क्लासला इक्वल्स लिहिलेली आहे का ते पाहा. नसेल तर पुन्हा ‘हा तोच डबा आहे का’ हाच प्रश्न विचारला जाईल. जावा 16 पासून पक्के झालेले रेकॉर्ड इक्वल्स आपोआप देतात, हे खरं. पण रेकॉर्डच्या एखाद्या भागात साधा ॲरे ठेवलात, तर तेवढ्या भागाची तुलना ओळखीवरच होते, ऐवजावर नाही. तिथे ॲरेऐवजी लिस्ट ठेवणं मला बरं वाटतं.

लिस्टचा विषय निघालाच आहे तर: लिस्टसाठी साधा असर्टइक्वल्स चालतो, कारण लिस्ट घटक आणि क्रम दोन्ही पाहते. मात्र इंट ॲरे ॲरेज.ॲजलिस्टमध्ये टाकून लिस्ट मिळेल असं समजू नका. मिळते ती एकाच घटकाची लिस्ट, आणि तो एक घटक म्हणजे तुमचा अख्खा इंट ॲरे.

पायरी 7 : मराठी मजकूर असेल तर

आपल्याकडे हे हटकून भोवतं, आणि याबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

थांब्यांच्या यादीत ‘नऱ्हे’ आहे. टेस्ट पडते आणि संदेश येतो: अपेक्षित नऱ्हे, मिळालं नऱ्हे. डोळे फाडून पाहिलं तरी फरक दिसत नाही. कारण तो पडद्यावर नसून साठवणुकीत आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक आहे, 0931. तेच अक्षर साध्या ‘र’ला (0930) नुक्ता (093सी) जोडूनही तयार होतं. आणि तिसरी रीत अशी की काही कीबोर्ड साधा ‘र’, मग हलन्त, आणि मग 200डी हा न दिसणारा जोडक घालतात. तिन्ही रीतींनी टाइप केलेलं ‘नऱ्हे’ वाचायला एकच. संगणकाला मात्र ते तीन वेगळे शब्द.

युनिकोडमध्ये यासाठी नॉर्मलायझेशन आहे. एनएफसी नावाचं रूप घेतलं की ‘र अधिक नुक्ता’चा एकसंध ‘ऱ’ होतो. जावात नॉर्मलायझर क्लास आहे, पायथनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूल. पण न दिसणाऱ्या जोडकाची तिसरी रीत एनएफसी बदलत नाही. ती तुम्हालाच, ठरवून, बदलावी लागते. ‘ॲरे’ या शब्दाचीच गंमत पाहा. सुरुवातीचं ‘ॲ’ एका क्रमांकात (0972) लिहिता येतं, किंवा ‘अ’, जोडक आणि चंद्र असं तुकड्यांत. या दोघांना एनएफसी एकत्र आणत नाही.

मग नॉर्मलायझेशन टेस्टमध्ये करावं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. टेस्टमध्ये दोन्ही बाजू सारख्या करून टाकल्या तर टेस्ट हिरवी होईल, पण ॲपमध्ये ‘नऱ्हे’ शोधणाऱ्याला थांबा सापडणार नाही. मजकूर जिथून आत येतो, फॉर्ममधून असो, फाइलमधून असो, तिथेच तो एका रूपात आणा. टेस्टमध्ये तिन्ही रीतींचं ‘नऱ्हे’ आत पाठवा आणि बाहेर एकच येतं का ते पाहा. अशी टेस्ट लिहिताना अक्षरं कीबोर्डनं न टाकता त्यांचे क्रमांक लिहा. नाहीतर पुढच्या माणसाच्या एडिटरनं ती कधी एकसारखी केली हे कळणारही नाही.

पायरी 8 : ॲरे स्वतःशीच तर ताडला जात नाही ना?

हे मी स्वतः केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात जवळचे थांबे अंतराप्रमाणे लावणारं फंक्शन माझ्याकडे होतं. टेस्टमध्ये मी अंतरांचा ॲरे घेतला, 1200, 300, 850. मग पुढच्या ओळीत अपेक्षित = अंतरं असं लिहिलं आणि ‘अपेक्षित’ सॉर्ट केला. मग अंतरं फंक्शनला दिली आणि परत आलेलं अपेक्षिताशी ताडलं. हिरवी.

बरोबरीचं एक चिन्ह ॲरेची प्रत काढत नाही, त्याच ॲरेला दुसरं नाव देतं. म्हणजे ‘अपेक्षित’ सॉर्ट केला तेव्हाच ‘अंतरं’ही सॉर्ट झाली. फंक्शन तोच ॲरे जागच्या जागी लावून तोच परत द्यायचं. अपेक्षित, दिलेले, मिळालेले, तिन्ही नावं एकाच ॲरेची. पुढे कोणीतरी बदल करताना क्रम उलटा केला आणि सगळ्यात लांबचा थांबा यादीत वर यायला लागला. टेस्ट तरीही हिरवी. वापरणाऱ्यांकडून तक्रार आली तेव्हा कळलं. त्या दिवशी मी टेस्ट उघडून बराच वेळ पाहत होते. वाचायला तिच्यात काहीच चूक नव्हती.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते. अपेक्षित ॲरे नेहमी आकडे लिहूनच: 300, 850, 1200. फंक्शन नवा ॲरे देणार असं ठरलेलं असेल तर असर्टनॉटसेम(दिलेले, मिळालेले), म्हणजे ‘हा तोच डबा नाही ना’, ही ओळही टाकायची. आणि दिलेला ॲरे बदलायला नको असेल तर फंक्शनला हाक मारण्याआधी त्याची क्लोननं प्रत ठेवायची आणि नंतर मूळ ॲरे त्या प्रतीशी ताडायचा. क्लोन वरच्या थराचीच प्रत काढतो. आत ॲरे असतील तर आतल्यांची वेगळी काढावी लागते.

पायरी 9 : रिकामे ॲरे

दोन रिकामे ॲरे सारखे असतात. हे बरोबरच आहे, पण त्यामुळे अशीही टेस्ट हिरवी होते जिच्यात दोन्ही बाजू चुकून रिकाम्या आल्या. अपेक्षित उत्तर फाइलमधून वाचत असाल आणि फाइलचा पत्ता चुकून रिकामी यादी आली, फंक्शनलाही त्याच पत्त्यावरून काही मिळालं नाही, की झालं. मिळालेल्याची लांबी आधी वेगळ्या ओळीत तपासा.

हातानं लूप लिहून एकेक घटक ताडणारे तर इथे नक्की फसतात. लूप मिळालेल्या ॲरेच्या लांबीइतकाच फिरतो. तो रिकामा असेल तर एकदाही फिरत नाही, एकही तुलना होत नाही, आणि टेस्ट पास. अर्धाच ॲरे आला तरी तेच. लूप लिहू नका, तयार असर्ट वापरा.

इतर भाषांत, थोडक्यात

पायथनमध्ये लिस्टची तुलना ऐवजावरच होते, त्यामुळे साधं असर्ट पुरतं आणि पायटेस्ट कितव्या जागी फरक आहे तेही सांगतं. पण लिस्ट आणि टपल यांत तेच घटक असले तरी ते सारखे नाहीत. दशांशांसाठी पायटेस्टचं अप्रॉक्स आहे. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचे ॲरे वेगळे: तिथे दोन बरोबर-चिन्हं लावली की एक उत्तर न येता खऱ्या-खोट्यांचा अख्खा ॲरे येतो. तो थेट असर्टला दिला की ‘एनी वापरा किंवा ऑल वापरा’ अशी सूचना देत व्हॅल्यूएरर येते. तिथे नमपायच्या टेस्टिंग मॉड्यूलमधलं असर्ट_ॲरे_इक्वल, आणि दशांशांसाठी असर्ट_ऑलक्लोज. याची सूट मूळ आकड्याच्या प्रमाणात असते, आणि निव्वळ फरकाची सूट न सांगता शून्य धरलेली असते. म्हणून अपेक्षित 0 असेल तिथे अगदी बारीक फरकही चालत नाही. ती सूट तुम्ही द्या.

जेस्टमध्ये टूबी म्हणजे ‘तोच डबा’, टूइक्वल म्हणजे ‘तेच जेवण’. टूइक्वल अनडिफाइंड असलेली आणि मुळात नसलेली जागा एकच धरतो. तो फरक महत्त्वाचा असेल तर टूस्ट्रिक्टइक्वल घ्या.

गो या भाषेत दोन स्लाइस (तिथल्या याद्या) दोन बरोबर-चिन्हांनी ताडताच येत नाहीत, कंपायलर अडवतो. रिफ्लेक्ट.डीपइक्वल निल स्लाइस आणि रिकामा स्लाइस वेगळे मानतो. 1.21 (2023) पासून आलेला स्लाइसेस.इक्वल ते सारखे मानतो. सी-शार्पमध्ये एमएसटेस्ट वापरत असाल तर असर्ट.आरइक्वल ओळख पाहतो, ऐवजासाठी कलेक्शनअसर्ट.आरइक्वल, आणि क्रम नको असेल तर कलेक्शनअसर्ट.आरइक्विव्हॅलंट.

पायरी 10 : कमिट करण्याआधी टेस्ट मुद्दाम पाडा

6 मार्च 2022 ला पुणे मेट्रोचा वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला. स्थानकं पाच: वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज. या टप्प्यातली स्थानकं क्रमानं देणारं फंक्शन लिहा, वरच्या पायऱ्या धरून त्याची टेस्ट लिहा. हिरवी झाली की उठू नका.

फंक्शनमध्ये जाऊन शेवटचं स्थानक गाळा आणि टेस्ट चालवा. संदेशात लांबीचा फरक दिसायला हवा: पाच हवी होती, चार मिळाली. परत घाला. नळ स्टॉप आणि गरवारे कॉलेज यांची अदलाबदल करा. आता जागा 3 वर फरक दिसायला हवा, नळ स्टॉप हवं होतं, गरवारे कॉलेज मिळालं. परत सरळ करा. एका नावात एक अक्षर बदला, रिकामा ॲरे परत द्या, प्रत्येक वेळी टेस्ट लाल होते का पाहा, आणि संदेश वाचून चूक ओळखता येते का तेही पाहा. यापैकी एका जरी बदलाला टेस्ट हिरवी राहिली, तर पायरी 4, 8 आणि 9 पुन्हा वाचा, चूक बहुधा तिथलीच असते. सगळे बदल परत फिरवा, एकदा शेवटची हिरवी पाहा आणि मग पुश करा.